चिवड्यातला चष्मा आणि मिशिगनच्या तीन बंदुका

आमची ही सहल ठरली ती माझ्या तोंडामुळं. पुण्याची माझी नात रेवा हे टाइप करतेय, आणि ती म्हणते, आजी, ब्लॉगमध्ये आधी सांगायचं असतं की तुम्ही का गेलात. म्हणून सांगून टाकलं. मला अक्षर वाचता येत नाही. तिनं मी बोलले तेच लिहिलंय की स्वतःचं काही घुसडलंय, ते तुम्हीच बघा.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. माझा मुलगा सुधीर तेव्हा अमेरिकेत मिशिगनला, नोव्हाय नावाच्या गावी, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. सूनबाईचं बाळंतपण करायला म्हणून मी आणि सुधीरचे वडील सहा महिन्यांसाठी गेलो. हे लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, म्हणून मी ह्यांना हवालदारच म्हणते. मी तिथं आठ दिवसांत रुळले. डिशवॉशर लावायला शिकले आणि तो दोनदा बिघडवला. हवालदार मात्र खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. जेवायला बोलावलं की दोन घास खाऊन परत खिडकीत.

एका शनिवारी सुधीरच्या ऑफिसातला रॉन घरी आला. दांडगा गडी, दाढी लाल, बोलणं मऊ. मागच्या अंगणात मक्याची कणसं भाजताना त्यानं सुधीरला विचारलं की तुझे वडील काय करायचे. मला इंग्रजी येत नाही, पण 'आर्मी' कळतं. मग मी माझी नाल्याची गोष्ट लावली. एकाहत्तरच्या लढाईत हवालदारांनी नाल्याचा काठ एकट्यानं कसा धरून ठेवला, बंदूक तापून लाल झाली तरी कशी सोडली नाही. सुधीर इंग्रजीत सांगत होता. रॉननं कणीस खाली ठेवलं, दोन्ही हातांनी ह्यांचा हात धरला आणि म्हणाला, तुमच्या पलटणीत होती तीच रायफल माझ्याकडं आहे. पंधरा दिवसांनी वर उत्तरेला आमच्या क्लबच्या मैदानावर या, मी न्यायला येतो. सुधीर म्हणाला, नको, मी ड्राइव्ह करतो, आईला मोठा पूलही दाखवायचाय.

हे पुढचं बोलणं झालं तेव्हा हवालदार तिथं नव्हतेच. हात सुटल्याबरोबर उठून टोमॅटोला पाणी घालायला गेले होते. नाल्याची गोष्ट सुरू झाली की ते नेहमीच उठून कशाला तरी पाणी घालतात.

आता खरं सांगते. नाला नव्हता. हवालदार कोतमध्ये होते. कोत म्हणजे पलटणीची बंदुका ठेवायची खोली. बंदूक द्यायची, परत घ्यायची, नंबर जुळवायचा, तेल-चिंधी करायची, बिघडली तर बघायचं, हे ह्यांचं काम. आमच्या सातारच्या गावात घरटी एक फौजी, आणि प्रत्येकीचा नवरा कुठं ना कुठं लढलेला. पाणवठ्यावर मी काय सांगणार, आमचे चिंध्या भिजवतात? म्हणून मी एक नाला काढला. दर वर्षी तो थोडा रुंद होत गेला. सुधीरही तेच ऐकत मोठा झाला.

म्हणजे आता मैदानावर चार गोऱ्यांसमोर आणि पोटच्या पोरासमोर ह्यांच्या हातात बंदूक देणार, नेम धरायला सांगणार, आणि गोळी कागदाला लागायची नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या पोराच्या मनातला बाप माझ्यामुळं पडणार. मला पंधरा दिवस जेवण गेलं नाही. गेलं, पण चवीनं गेलं नाही.

हवालदारांनी मात्र बूट पॉलिश केले.

निघालो शुक्रवारी सकाळी, ऑक्टोबरात. सूनबाई बाळाला घेऊन घरी, तिची आई आलेली. सुधीरची गाडी लांबलचक, बाहेरून लाकडी पट्ट्या चिकटवलेली, पेटीसारखी. पंच्याहत्तर नंबरचा हमरस्ता धरला की सरळ उत्तरेला जायचं, वळायचं नाही, त्यामुळं मलासुद्धा चालवता आली असती असं मी म्हटलं. सुधीरनं रेडिओ लावला. ग्रेलिंग गावापर्यंत तीन-साडेतीन तास. वाटेत सरकारी विसावे आहेत, फुकट, स्वच्छ, नळाला गरम पाणी. जाणाऱ्यांनी खायला घरून घ्यावं, कारण वाटेत सगळीकडं गाईचं मांस नाहीतर गोड पाव. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पत्र्याचा डबाभर चिवडा घेतला होता. झाडं म्हणाल तर हळदी-कुंकवाचं ताट कुणी डोंगरभर सांडावं तशी. लोक नुसतं ते बघायला येतात आणि फोटो काढून परत जातात.

मोटेल तीस-बत्तीस डॉलरचं. मी थंडीसाठी नऊवारीवर सुधीरचा फुगीर कोट आणि पायात त्याचेच जुने पळायचे बूट घातले होते. काउंटरवरची बाई मला बघून इतकी हसली की तिनं खोलीत जादा ब्लँकेट दिलं. हाही एक उपाय, करून बघा.

हवालदार आंघोळीला गेले आणि मी माझी युक्ती केली. ह्यांचा चष्मा उचलला आणि चिवड्याच्या डब्यात तळाशी पुरला. चष्मा नसेल तर कोण नेम धरायला सांगेल? अब्रू वाचली, आणि दोष कुणाचाच नाही. माझ्या डोक्याचं मला फार कौतुक वाटलं.

सकाळी ह्यांनी चष्मा शोधला. उशी उचलली, कोट झटकला, गाडीत सीटखाली हात घालून बघितलं. मग पलंगावर बसले, पॉलिश केलेल्या बुटांकडं बघत. खिडकीत बसायचे तसंच. मला वाटलं, काढून द्यावा. पण नाला आठवला, आणि मी डबा मांडीवर घट्ट धरून गाडीत बसले.

मैदान पाइनच्या रानात. एका बाजूला मातीचा उंच बांध, अलीकडं लाकडी टेबलं. क्लबचे नियम कडक आहेत. शिट्टी झाली की सगळ्यांनी बंदुका खाली ठेवायच्या, हात काढायचे, मगच कुणी पुढं जायचं. कानाला आवाज अडवायच्या टोप्या लावाव्या लागतात. माझ्या अंबाड्यावर त्या बसेनात, मी दिवसभर एका हातानं धरून होते.

रॉनबरोबर त्याचे दोन दोस्त. गॅरीकडं अमेरिकन बंदूक, वॉल्टकडं जर्मन, रॉनकडं बेल्जियमची. तिन्हीतून एका चापाला एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येते. तिन्ही मोठ्या गोळीच्या, पूर्ण ताकदीच्या. लहान गोळीच्या हलक्या बंदुकांचा विषय निघाला की तिघंही खारींसाठी ठीक आहेत म्हणून हसायचे. सुधीर मला थोडंथोडं सांगत होता, पण मला भाषेची गरज पडली नाही. आमच्याकडं बैलांवरून अशीच भांडणं होतात. गॅरी म्हणे, माझीचं लाकूड बघा, हिचा नेम बघा, बाकीच्या दोन्ही म्हणजे नळाचे पाइप. वॉल्ट म्हणे, माझी चिखलात पडू दे, साफ करू नका, तरी चालते. गॅरी म्हणे, चालते, पण खांदा जागेवर राहत नाही. आणि खरंच, वॉल्टची रिकामी काडतुसं इतक्या लांब उडायची की एक उजवीकडच्या टेबलावर गॅरीच्या कॉफीत पडलं. त्यावर गॅरीनं कॉफी प्यायली आणि म्हणाला, चव सुधारली.

रॉनला भांडायला जागाच नव्हती. त्याची बंदूक एक गोळी सोडायची आणि बसायची. दर वेळी बाजूची मूठ हातानं मागं ओढावी लागायची. दोघं त्याला चिडवत होते की एवढी लांब बेल्जियमहून आली, दमली असेल. महिनाभर असंच चाललं होतं म्हणे, आणि तो ती विकायला निघाला होता.

मग रॉननं गोळ्यांची पेटी काढून घेतली, आत काही नाही हे दाखवलं, आणि बंदूक ह्यांच्या पुढं ठेवली.

मी डबा काखेत घट्ट धरला. हवालदारांनी आधी स्वतः बोट घालून गोळी बसायची जागा रिकामी आहे का ते बघितलं. मग नळीवरून हात फिरवत पुढं गेले, टोकाजवळ थांबले, डोळे बारीक केले आणि सुधीरला म्हणाले, "चष्मा असता तर."

मी सुधीरला बाजूला ओढलं. म्हटलं, राहू दे रे, चष्म्याशिवाय नेम कसा धरतील, रॉनला सांग की ह्यांचं वय झालं.

"नेम कुठं धरायचाय आई? रॉनला ती रिपेअर करून हवीय. म्हणून तर बाबांना बोलावलं."

"आणि नाला?"

"नाला मी ट्रान्सलेट केलाच नाही. बाबा कोतमध्ये होते, ह्याच रायफली सांभाळायचे, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, मला हाच माणूस पाहिजे."

आता काय करणार. मी टेबलावर डबा ठेवला, झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि चिवड्यातून चष्मा बाहेर काढला. तीन बंदूकवाले, एक इंजिनिअर आणि एक हवालदार माझ्याकडं बघत होते. काडीला कढीपत्ता अडकला होता. हवालदारांनी चष्मा घेतला, खिशातून रुमाल काढून काचा पुसल्या, एक शेंगदाणा सापडला तो खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाले.

नळीच्या वर पुढं एक बोटाएवढी खुंटी असते. गोळीमागच्या धुराचा जोर तिथून आत येतो आणि त्या जोरावर पुढची गोळी चढते. खुंटी उलटी बसली की जोर बंद. रॉननं साफ करताना ती उलटी बसवली होती. तिच्यावर इंग्रजी 'ए' असतो, तो वर हवा. ह्यांनी एका काडतुसाच्या टोकानं खटका दाबला, खुंटी फिरवली, 'ए' वर आणला. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. रॉननं पाच गोळ्या भरल्या आणि पाचही एकामागून एक गेल्या. तो बंदूक ठेवून आला आणि पुन्हा दोन्ही हातांनी त्यानं ह्यांचा हात धरला.

गॅरीनं विचारलं, मग ह्यांनाच विचारा, तिन्हीत चांगली कुठली? हवालदारांनी रुमालाची घडी घातली.

"ते मला नाही सांगता येणार," म्हणाले. "मी कधी निवडली नाही. मी परत घ्यायला बसायचो. नंबर जुळला, आणि ज्याची त्यानं आणून दिली, की ती चांगली."

सुधीरनं ते इंग्रजीत सांगितलं. गॅरीनं टोपी काढून परत घातली. वॉल्टनं स्वतःहून चिवड्यात हात घातला.

रॉननं मग आग्रह केला की एक तरी गोळी तुम्ही झाडा. हवालदारांनी नको म्हणून मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं.

"हिला द्या. नाला हिनं धरला होता."

मला बसवलं, खांद्याखाली सुधीरच्या कोटाची घडी ठेवली, रॉन मागं उभा. मी डोळे मिटून चाप ओढला. डोळे मिटू नयेत, हे मला नंतर सांगितलं. भोक पडलं ते गॅरीच्या कागदावर, अगदी कडेला. तो म्हणाला, हे मी माझ्यात धरणार. खांदा माझा आठवडाभर जांभळा होता आणि सूनबाईला मी सांगितलं, दारावर आपटला.

तिसऱ्या दिवशी मॅकिनॉचा पूल. टोल जुजबी आहे. आतल्या पट्टीला खाली जाळी आहे, तिच्यातून पाणी दिसतं, ज्यांना भोवळ येते त्यांनी बाहेरच्या पट्टीनं जावं. तिथं फज नावाची मिठाई मिळते, आपल्या कलाकंदासारखी, फक्त तिला घाई झालेली. हवालदारांनी तीन तुकडे खाल्ले.

परतताना ते मागं झोपले आणि मी सुधीरला विचारलं, तुला कोतचं कधी कळलं?

"लहानपणीच. तू बाबांची पत्रं पोस्टमनकडून वाचून घ्यायचीस आणि पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवायचीस. मी सगळी वाचली होती."

लुगड्यांखाली ठेवलेलं लपलेलं असतं, असं ज्याला वाचता येत नाही त्यालाच वाटतं. मी पुढचे दहा मैल झाडं बघितली. मग त्यानंच एक पत्र म्हणून दाखवलं, त्याला पाठ होतं. "आज चार रायफली आल्या. माणसं आली नाहीत. पुसून ठेवल्या." ते पत्र मला आठवत होतं. पोस्टमनला मी म्हटलं होतं, हे राहू दे, पुढचं वाचा. त्याच दिवशी पाणवठ्यावर मी पहिल्यांदा नाला सांगितला होता.

"मग इतकी वर्षं मला थांबवलं का नाहीस?"

"छान सांगायचीस तू," म्हणाला. "आणि बाबांना थांबवायचं असतं तर त्यांनी थांबवलं असतं."

गावी परतल्यावर बाया जमल्या. अमेरिकेत काय बघितलं विचारलं. मी पूल सांगितला, फुकटचं गरम पाणी सांगितलं. मग एकजण म्हणाली, तिथल्या लोकांना नाल्याचं सांगितलं का? हवालदारांनी सवयीनं तांब्या उचलला, तुळशीकडं निघाले.

मी म्हटलं, नाला राहू द्या, चिवड्यातल्या चष्म्याचं ऐका. कोतपासून सुरुवात केली, खुंटी सांगितली, 'ए' सांगितला, जो मला आजही ओळखता येत नाही. अर्ध्यावर आले तेव्हा बघितलं तर तांब्या तुळशीपाशी तसाच भरलेला होता, आणि हवालदार पायरीवर बसून ऐकत होते.

आता ते नाहीत. गोष्ट मी अजून सांगते. मीठ कमी होतं, हे मात्र ते उगाच म्हणाले.