डाव्या हाताची बोटं

पाचव्या महिन्यात मी हैदराबादहून उमरग्याला माहेरी आले होते. सोनोग्राफी इथंच करू, असा आईचा हट्ट. डॉक्टरबाई सुरुवातीला बोलत होत्या, हे डोकं, हे हृदय. डाव्या हातापाशी मात्र त्या यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागल्या.

"मूठ मिटलीय. बोटं नीट मोजता येईनात," शेवटी त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी परत या."

बाहेर बाकावर आईला हे सांगितलं. ती थोडा वेळ पिशवीचा बंद ओढत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू ते अंडी फोडायचं काम करतीस, त्याचं तर न्हाय ना काय?"

माझं काम तेच. कोंबडीच्या अंड्याला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पंखाच्या कोंबात कोणतं जनुक कुठं चालू होतंय ते पाहायचं आणि उंदराच्या, पालीच्या गर्भाशी ताडून बघायचं. पंख काय, पंजा काय, हात काय, जनुकं जवळपास तीच. ती कधी, कुठं नि किती वेळ चालतात, यावर सगळा फरक. त्यातल्या एका जनुकाला चालू करणारा खटका त्याच्यापासून फार लांब असतो. सापात तो मोडलेला आहे, म्हणून त्याला पाय नाहीत. माणसात त्यातलं डीएनएचं एक अक्षर बदललं तरी जादा बोट फुटू शकतं. आणि तो काढूनच टाकला तर? तसे उंदीर मी पाहिले होते. त्यांच्या पायांना पंजेच नव्हते.

"त्याचा काही संबंध नाही, आई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पटला नाही.

नवऱ्यानं फोनवर विचारलं, "तुला तर यातलं सगळं कळतं, मग घाबरतेस कशाला?"

मी फोन ठेवून दिला. ते आठ दिवस डोळे मिटले की मला ते उंदीर दिसायचे. जेवण जाईना. गल्लीतली पोरं दारात खेळायची, तर मी त्यांच्या हातांकडं बघत बसायचे.

दुसऱ्या खेपेला आई आत आली. पडद्यावर मूठ उघडली. डॉक्टरबाईंनी बोटं मोजली, पुन्हा मोजली.

"सहा आहेत. अंगठ्याला दुसरा छोटा अंगठा आहे. बाकी सगळं ठीक दिसतंय."

"सहा तर सहा," आई म्हणाली. "हात हाय न्हवं?" आणि तिनं माझं कपाळ पुसलं.

मुलगी झाली. तो जादा अंगठा ती वर्षाची झाल्यावर काढला. ते बदललेलं अक्षर माझ्याकडून आलंय का, हे माझं रक्त तपासलं तर कळेल. तपासणी माझ्याच ओळखीच्या माणसांकडं होते. मी अजून रक्त दिलेलं नाही.