शनिवारची खुर्ची

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाची जातच निराळी. त्या पांढुरक्या, तप्त प्रकाशात प्रवरेचं पात्र थिजलेल्या शिशासारखं दिसे. मासे म्हणे आदल्याच महिन्यात एसटीने नाशिकला निघून गेले होते, आणि संगमनेरच्या माझ्या शेडमध्ये भट्टी न पेटवताच लोखंड लाल होई. मुंबईत कला शिकून आलेला मी बैलगाड्यांच्या मोडक्या धावा वाकवून खुर्च्या घडवत होतो. चाकावरच्या त्या लोखंडी वर्तुळांतून माणसाचा कणा, खांदे, थकून झुकलेली मान काढावी, हाच ध्यास. गाव हसे. तरी कोल्हारच्या एका बागायतदार पाटलांनी नव्या बंगल्यासाठी खुर्ची सांगितली, आणि मला वाटलं, पाटील एकदा तिच्यावर रेलले की जिल्ह्यातले सारे बंगले माझ्या दारी रांग लावतील.

खुर्ची घेऊन टेम्पो शुक्रवारी निघाला, वाटेत बंद पडला, शनिवारी पोचला. पाटलीणबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"शनिवारी लोखंड घरात? आवं कलाकार, अक्कल ममईला इसरून आलात व्हय?"

पाटील स्वतःच्या चपला न्याहाळत राहिले. निवाडा बाईंनीच केला: शनिवारचं लोखंड शनीला. खुर्ची गावाबाहेर, निंबाखालच्या शनीच्या पारावर गेली.

आठवड्याने ती सोडवायला गेलो, तो काय! गळ्यात रुईची माळ, अंगभर तेल. ज्या गावात कालवणाला थेंब नव्हता, त्या गावाने तिच्यावर करडईच्या तेलाचे पाट सोडलेले. खडी फोडून परतलेली एक म्हातारी वाटी रिती करत होती. तिची विळ्यासारखी वाकलेली पाठ पाहिली आणि चरकलोच. घडवताना मनात धरलेली पाठ हीच.

"आजी, बसा की. बसायलाच केलीय."

"द्येवावर बसू? खुळा का काय रं तू?"

पुढे मी मोठा झालो. मुंबई-दिल्लीच्या दालनांत माझ्या खुर्च्यांभोवती रेशमी दोर लागले. जाणकार हात मागे बांधून प्रदक्षिणा घालत आणि न बसताच मला थोर ठरवत. कोल्हारला निदान तेल तरी मिळायचं.

त्या दिवशी पारावर म्हातारीने वाटीच्या काठाचं उरलंसुरलं तेल टाचांच्या भेगांत चोळलं आणि भुईवर बसकण मारली. तिच्या मागे वीतभर अंतरावर माझा लोखंडी कणा तळपत होता. ती रेलली नाही. पाठीने कुठे टेकायचं असतं, हे तिला आयुष्यात कुणी सांगितलंच नसावं. आणि मी तर नुसती खुर्ची केली होती.