तुबा मॅडमची संत्र्यांची घसरगुंडी

आमच्या शाळेत गणिताच्या तासाला पोरं वहीच्या आधी सुतळी शोधतात. हे खूळ तुबा मॅडमचं. त्या बडनेऱ्याच्या, वडील बशीरभाई लोखंडी फाटकं बनवणारे, त्यामुळे बाईंचं बालपण वेल्डिंगच्या दुकानातच गेलं. मोर्शीच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या रोज एसटीनं येतात आणि आल्या आल्या काहीतरी मोजायला लावतात. मी मराठी शिकवतो. पुस्तक कधी उघडणार, असं चिडवलं की म्हणतात, "सर, हाताले हिशोब समजला का पुस्तक आपोआप उघडते."

यंदा नववीनं आकाराप्रमाणे संत्री वेगळी करणारी घसरगुंडी बनवली. दोन लोखंडी पाइप उताराला शेजारी शेजारी बसवलेले. त्यांच्यातली फट वर अरुंद, खाली रुंद. दर दहा सेंटिमीटरला ती एक मिलीमीटरनं वाढते. संत्रं गडगडत येतं आणि जिथं मावेल तिथून खालच्या क्रेटमध्ये पडतं. लहान, मध्यम, मोठं, असे तीन क्रेट.

हिशोब बाईंनी मुद्दाम रागिणीकडे दिला. ही पोरगी गणितात सारखी नापास. तिचे वडील देवानंदभाऊ संत्र्याचे बागायतदार. त्यांनी तिला ऐकवलं होतं, "गणित जमत नाही तं शाळा कायले? बागेत ये, कामाले हात लागतेच." शाळेच्या प्रदर्शनात ही घसरगुंडी मांडली, तिथं ते आले ते तिचं शाळेतलं नाव कमी करून न्यायच्या तयारीनंच.

संत्र्यांचा पहिलाच घाणा फसला. मध्यम संत्री लहानांत, मोठी मध्यमांत. लोक हसले. देवानंदभाऊ उठले. "चाल रागिणी, घरी."

वर्गातला किशोर म्हणाला, पाइप कापून पुन्हा जोडावे लागतील. उत्तर ठाऊक असूनही तोंड न उघडण्याच्या मॅडमच्या सवयीचा त्या दिवशी मला भयंकर राग आला.

रागिणी जागची हलली नाही. तिनं एक संत्रं तळहातांत दाबलं. "बाबा, आपली संत्री ढिल्या सालीची. आमी मोजली तवा दाबली नव्हती. पाइपात दबते अन् आधीच खाली पडते." दोन पट्ट्यांमध्ये किंचित दाबून तिनं ते मोजलं, मग दुसरं, मग आणखी काही. फरक तीन मिलीमीटर. थोडा वेळ ओठ हलले.

"एकाले दहा, तं तीनले तीस. पाइप कापू नका. क्रेट तीस सेंटिमीटर वर सरकवा."

क्रेट सरकले, संत्री सुटली. लहान लहानांत, मध्यम मध्यमांत, मोठी थेट शेवटच्या क्रेटमध्ये. मी पन्नाशीचा माणूस, पोरांपेक्षा जोरात टाळ्या पिटल्या. मॅडमनी पदरानं डोळे पुसले. मला फार फार आनंद झाला.

देवानंदभाऊंनी एकेक संत्रं हातात फिरवून पाहिलं आणि ज्या क्रेटमधून उचललं त्यातच ठेवलं.

"असं आपल्या बागेत लावाचं तं पाइप किती लागन?"

"आधी आपली संत्री मोजा लागतीन," रागिणी म्हणाली. "सोमवारी येतो बागेत."

"सोमवारी नोको," ते म्हणाले. "शाळा बुडते. रविवारी मोज."