माशाच्या पोटात

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मुलांसाठी खेळांचं संग्रहालय सुरू झालंय, हे कळल्यापासून माझ्या सात वर्षांच्या लेकीने आणि तिच्याहून थोड्या लहान असलेल्या माझ्या भाच्याने माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी एका रविवारी शिरगावहून रिक्षा केली. अंबरनाथ येईपर्यंत "आलं का? आलं का?" चालूच.

कपड्यांच्या दुकानांवरचा मजला. चपला काढून आत गेलो आणि मीच दारात थबकले. एका भिंतीवर पारदर्शक नळ्यांचं जाळं. खालच्या तोंडाशी रुमाल धरला, की हवेने सुर्रकन वर जायचा आणि छताजवळून तरंगत खाली यायचा. आणि मधोमध लाकडी फळ्यांचा, निळ्या कापडाचा भलामोठा देवमासा! तोंड उघडं, रांगत आत जायचं.

भाचा रुमालांमागे पळत सुटला. लेक मात्र माझी ओढणी धरून उभी. अनोळखी मुलांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"आई, तू पण चल माशात."

शिरले मीही. मागून भाचा आलाच. आत बरीच मुलं होती आणि नातवाला घेऊन बसलेली एक सिंधी आजी. "आओ, आओ, जगह है," म्हणत तिने पाय आखडून घेतले. माशाच्या बरगड्यांवर बारीक दिवे लुकलुकत होते.

तेवढ्यात लाइट गेली. सगळा काळोख. एक मूल रडायला लागलं, मग दुसरं. भाच्याने माझ्या गळ्याला मिठी मारली. मी पर्समध्ये मोबाइल चाचपडतेय, तर शेजारून खणखणीत आवाज आला.

"रडू नका! माशाने तोंड बंद केलंय. तो आता पाण्यात चाललाय."

माझी लेक!

"फिर हम बाहर कैसे जाएंगे?" अंधारातून कुणीतरी विचारलं.

"उसको गुदगुल्या करने का! सब लोग हात फिराओ. वो हसेगा, फिर मुँह खोलेगा."

रडणं थांबलं. इवले इवले हात कापडावर सरसर फिरू लागले. "अरे, हिली! मछली हिली!" आजी ओरडली. खरं सांगते, मलाही मासा हलल्यासारखा वाटला. मीही दोन्ही हातांनी गुदगुल्या करत सुटले.

"और जोर से!" लेक किंचाळली आणि फटकन दिवे लागले. काय आरडाओरडा झाला! तिथे काम करणारी ताई धावत आली, वाकून म्हणाली, "घाबरलात का रे?"

"ताई, परत बंद करा ना!" सगळी एकदम.

ती हसली आणि तिने खरोखरच बटण बंद केलं. या वेळी भाच्याने मासा बारवी धरणात नेला. मग कुणी त्याला गोव्याला नेलं. माझे गुडघे दुखायला लागले म्हणून मी बाहेर निघाले, तर आजीने हात धरून मला खाली बसवलं.

"बैठो बेटा, अभी तो बड़ा समुंदर आना बाकी है."