एकतीस दातांची बांग

देवाधर्मावरून माणसं भांडतात, शेताच्या धुऱ्यावरून तर भांडतातच. पण निव्वळ दातांवरून अख्ख्या गावाशी वैर घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझी बदली मलकापूरजवळच्या एका गावी मास्तर म्हणून झाली आणि मशिदीला लागूनच खोली मिळाली. मशिदीत पाच वेळा बांग देणारे ते हे चाचा. वय सत्तरीचं, अंगानं तुऱ्हाटीसारखे वाळके, आवाज मात्र भोंग्याशिवाय दोन शिवारं ओलांडणारा. पहाटेच्या नमाजेआधी, वजूच्या म्हणजे हात-पाय-तोंड धुण्याच्या वेळी, ते निंबाच्या काडीनं दात घासत. मिसवाक म्हणत तिला. आणि तिचे कायदे काय विचारता! लांबी एक वीत. जास्त झाली तर वरच्या तुकड्यावर सैतान बसतो. जाडी करंगळीएवढी. सुरुवात उजवीकडून. झाल्यावर धुऊन उभी ठेवायची, आडवी टाकली तर काडीचा अपमान! काडी तोंडात असताना बोलणं बंद. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तिसरा ऐकू आला की माणसानं मुकाट चालतं व्हावं. माझी गुलाबी दंतमंजनाची डबी पाहून तर ते फारच कळवळले. "मास्तर, हे तं गालाले लावाची पावडर हाय!" म्हणाले.

बरं, आपल्यापुरतं ठेवतील तर ते चाचा कसले! 'आपले बत्तीसच्या बत्तीस शाबूत' असं गावभर मिरवायचं आणि दिसेल त्याला तोंड उघडायला लावायचं. मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींनाही एकदा चारचौघांत सुनावलं, "बिडीचा वास घेऊन अल्लासमोर उभे राह्यता काय हो?" मुतवल्लींनी ते गिळलं, पण पचवलं नाही.

आणि एका पहाटे चाचांच्या बांगेत शिट्टी वाजली. 'अस्सलातु खैरुम मिनन्नौम', म्हणजे झोपेपेक्षा नमाज भली. त्यातल्या 'स'लाच चक्क शिट्टी! गावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मुतवल्लींनी लगेच जाहीर केलं, "म्हाताऱ्याचा समोरचा दात गेला. आता अजान तरण्या माणसानं द्यावी." चाचा माझ्याकडे आले. "दातात काडीचा तूस अडकला होता, मास्तर. चूक काडीची नाई, माही. पन चाळीस सालाची अजान जाईन हो!" त्यांचे डोळे भरून आले होते. मला मुतवल्लींचा असा संताप आला म्हणून सांगू!

शुक्रवारी नमाजेनंतर मशिदीच्या ओट्यावर दातांची मोजणी ठरली. दोन्ही बाजूंना चालणारा माणूस म्हणून मला बोलावलं. मी पेन्सिल घेऊन वाकलो. समोरचे सगळे जागच्या जागी, शुभ्र. पण बेरीज एकतीस. पुन्हा मोजले. एकतीसच! मुतवल्ली माझ्या खांद्यावरून मान ताणून बघत होते. मी ताठ उभा राहिलो आणि ओरडलो, "बत्तीस!"

चाचांनी तोंड मिटलं. मग माझ्याकडेच वळले. "खोटं काऊन बोलून राह्यले, मास्तर? अन् तेही मशिदीच्या ओट्यावर? एकतीस हायेत. अक्कलदाढ परसाली पडली, मिरवाची सवय तेवढी राह्यली." मुतवल्ली आता हसणार, इतक्यात चाचा म्हणाले, "पन मुतवल्लीसाहेब, अजान समोरच्या दातानं देतेत. अक्कल लागते ते कमिटीत बसाले!"

ओटा हादरला हो हसण्यानं! खुद्द मुतवल्ली आपले काळे दात दाखवत पोट धरून हसले आणि म्हणाले, "द्या चाचा, तुमीच द्या." दुसऱ्या पहाटे अख्खं गाव अंथरुणात कान टवकारून पडलं होतं, बालाजीच्या देवळातली आमची भक्तमंडळीसुद्धा. तो 'स' आला, असा लख्ख आणि धारदार, की मी एकट्यानंच खोलीत टाळी वाजवली. पलीकडून एक हुंकार ऐकू आला.

पुढं चाचा गेले. त्यांच्या जागी आलेला बांगी तरणा आहे, गळा गोड आहे, 'स'ला तर नाव ठेवायला जागा नाही. मी मात्र हल्ली उन्हं वर येईपर्यंत झोपलेला असतो.