अहिरे सिस्टरांच्या रिकाम्या जागा

अहिरे सिस्टर कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी माउस उचलून उलटा ठेवत, मेलेलं झुरळ बाजूला सारावं तसा. "हात की-बोर्डवर बसला की उठवायचा नाय," म्हणायच्या. "भाकरी थापता थापता कोणी पंखा लावायला उठतं का?"

नाशिक रोडच्या एका खासगी इस्पितळात मी मधुमेहाची ओपीडी पाहायचो. केसपेपर जाऊन पडद्यावरच्या नोंदी आल्या आणि आम्ही डॉक्टर मंडळी हवालदिल झालो. कळवणकडच्या ह्या बाईंनी मात्र थोड्याच दिवसांत सगळे शॉर्टकट पाठ केले, वर स्वतःचेही बनवले. टिंब देऊन दोन अक्षरं दाबली की तपासणीचा अख्खा परिच्छेद पडद्यावर उतरायचा. ह्याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. मी एका बोटानं टाइप करू लागलो की मागे येऊन उभ्या राहायच्या. "सर, कोंबडी दाणे टिपते तसं चाललंय तुमचं. सरका." मी सरकायचो. गावाकडचा कोणी आला की त्या "बाबा, कसं शे आता?" असं अहिराणीत विचारत त्याच्याकडे पाहत राहायच्या आणि खाली बोटं चालूच असायची.

त्यांच्या परिच्छेदांत एक खोड होती. पायाची त्वचा, जखम, नाडी अशा शब्दांपुढे त्या जागा रिकामी सोडत. कर्सर तिथे येऊन थांबे. ती जागा भरल्याशिवाय नोंद जतनच होत नसे. मी कुरकुर केली तर म्हणायच्या, "कॉम्प्युटरला पाय दिसत नाय, सर. तुम्हाला दिसतो."

पण बाहेर रांग वाढत होती. एका दुपारी मी म्हणालो, "सिस्टर, माझ्या परिच्छेदातल्या रिकाम्या जागा काढून टाका. तिथे सरळ 'नॉर्मल' भरून ठेवा. काही वेगळं दिसलं तर मी बदलेन."

"नाय बदलणार तुम्ही."

"एवढा विश्वास नाही?"

"गर्दीवर नाय."

मी आवाज चढवला. त्यांनी माउस सरळ केला, तेव्हाच मला कळलं की त्या दुखावल्या आहेत. "करते. पण मी नाय म्हटलं होतं, ध्यानात ठेवा." खोलीत आम्ही दोघंच होतो.

पुढे माझी ओपीडी वेळेत संपू लागली. मी खूश होतो. देवळ्याचे एक शेतकरी दर खेपेला यायचे, पायात बूट. मी साखर बघायचो, गोळ्या बदलायचो, टिंब आणि दोन अक्षरं. एके दिवशी त्यांचा मुलगा नोंदींची प्रत घेऊन आला. वडिलांचं पाऊल कापावं लागलं होतं. "साहेब, इथं लिहिलंय, पायाला जखम नाही. तुम्ही बूट तरी काढायला लावला होता का?"

व्यवस्थापनानं चौकशी समिती बसवली. अध्यक्षांनी विचारलं, हे वाक्य प्रत्येक भेटीत जसंच्या तसं कसं आलं? मी म्हणालो, "हे शॉर्टकट अहिरे सिस्टरांनी बनवलेत." सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुम्ही बनवलंत?" बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "हो."

मला यापुढे काळजी घ्या, एवढंच सांगण्यात आलं. सिस्टरांना ओपीडीतून काढून तळघरात चादरींच्या कामावर बसवलं. तिथून त्या राजीनामा देऊन गेल्या. मला भेटायलाही आल्या नाहीत. आजही त्या इस्पितळात नव्या मुलींना दटावतात, "शॉर्टकट जपून वापरा, नाहीतर अहिरे सिस्टरसारखं होईल." मी निवृत्त होईपर्यंत हे वाक्य ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेलो.

यंदा मी कळवणला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही खरं का सांगितलं नाहीत?"

"मी बोलले असते तर म्हणाले असते, नर्स डॉक्टरवर ढकलतेय. आणि तुम्ही जे बोललात ते खोटं नव्हतं, सर. मी तुमच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते."

चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"कमिटीचं काय नाय वाटलं," त्या म्हणाल्या. "ती माणसं मला ओळखत नव्हती. तुम्ही ओळखत होतात."

मी म्हणालो, "आता लिहितो. छापून आणतो. रिकाम्या जागा मी काढायला लावल्या, तुम्ही नाही म्हणाला होतात आणि पाय मी तपासले नव्हते, हे सगळं लिहितो."

"लिहा. माझं नाव सांगून त्या पोरींना घाबरवतात, ते तरी थांबेल. पण त्यात माफी नका मागू."

"का?"

"माफी मागितली की लोक तुम्हालाच चांगलं म्हणतील."

म्हणून इथे ती मागत नाही.