पिक्चरमधली आई आणि ठमाबाई

आमच्या कापडे गावची ठमाबाई तोंडाची फटकळ. तिच्या म्हशीची लाथ परवडली, पण तिचा शब्द नको, असं आम्ही शेजारी म्हणतो. हीच बाई रोज संध्याकाळी धार काढून झाली की पेलाभर दूध आणि एक गोळी घेऊन मुलासमोर उभी राहते, आणि तो गोळी गिळेपर्यंत जागची हलत नाही.

मुलगा म्हणजे प्रवीण. महाडच्या एमआयडीसीत कामाला होता. तिथं त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. आधी देवऋषी झाले, मग डॉक्टर. गोळ्यांनी हळूहळू माणसात आला. आता शेती बघतो, मोजकंच बोलतो.

यंदा गावच्या पूजेला मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळानं देवळासमोर पडदा लावून पिक्चर दाखवला. त्यात वेडा झालेला हीरो साखळीनं बांधलेला. आई त्याला कुशीत घेऊन अंगाई गाते, तो ढसाढसा रडतो, बरा होतो, गोळ्या नदीत फेकतो आणि वर लग्नही करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून जो तो ठमाबाईला शहाणपण शिकवायला हजर.

"गोळ्या कशाला गो त्याला? आयची माया हाय ना?" शेजारची जानकीबाई म्हणाली.

एरवी ठमाबाईनं तिची सालटी काढली असती. पण हे वर्मी लागलं. आपलीच माया कमी पडली, असं तिच्या मनानं घेतलं. गोळ्या तिनं फडताळात टाकल्या आणि नुसतं दूध देऊन प्रवीणच्या डोक्यावरून हात फिरवत बसू लागली. मला कळलं तेव्हा त्या पिक्चरवाल्यांचा भारी राग आला. पण तिला सांगणार कोण?

प्रवीणची झोप उडाली. बांधावर एकटाच कान देऊन उभा राहायचा. एका संध्याकाळी मी दूध न्यायला गेलो होतो, तेव्हा तो गोठ्याच्या दारात आला.

"आये, ते परत बोलाय लागलेत. गोळी दे."

ठमाबाईचे डोळे भरले. "माझी माया कमी पडली रे. ती पिक्चरमधली आय बघ."

"ती एकदाच गायली," प्रवीण म्हणाला. "तू रोज उभी ऱ्हातेस."

ठमाबाई डोळे पुसत आत गेली. घरातून गोळी घेऊन आली आणि पेला पुढं करून त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या डॉक्टरकडं जाऊ," ती नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाली. "आधी ही गिळ."